बिल्ला वर्गात आणावा का?

नववीच्या वर्गात हाताच्या पंजाचे चित्र दाखवून हे कोणाचे चिन्ह असे विचारा, उत्तर तोंडावर तयार असेल. मग सांगा, की हेच चिन्ह १९५२ सालच्या पहिल्या निवडणुकीत फॉरवर्ड ब्लॉकच्या रुईकर गटाचे होते. हे रुईकर म्हणजे नागपूरच्या गिरणी कामगारांचे पुढारी. काँग्रेसकडे तेव्हा बैलजोडी होती. १९६३ मध्ये गोव्याची पहिली विधानसभा निवडणूक झाली, तेव्हा पंजा जॅक सिक्वेरांच्या युनायटेड गोवन्स पक्षाकडे होता. इंदिरा गांधींच्या काँग्रेसकडे तो आला १९७८ मध्ये, पक्ष दुसऱ्यांदा फुटून गाय-वासरू हातचे गेल्यावर. पाव शतकात एका चित्राचे तीन मालक झाले. पाठ्यपुस्तक हे दोन ओळींत सांगू शकेल, पण तीन वेगळ्या गावांची, तीन वेगळ्या सालांची, पंजा छापलेली तीन पत्रके बाकावर शेजारी शेजारी पडली तर मुलांना जो धक्का बसेल तो त्या दोन ओळींनी बसणार नाही.

म्हणून प्रश्न असा, की निवडणूक प्रचाराच्या जुन्या वस्तू इतिहास शिकवण्यासाठी वर्गात आणाव्यात का? बिल्ले, टोप्या, कापडी फलक, हातपत्रके, जाहीरनामे, सभेच्या जाहिराती, भिंत रंगवण्यासाठी कापलेले पत्र्याचे साचे, असे बरेच काही लोकांच्या माळ्यावर आणि पेट्यांत पडून आहे. काही हौशी शिक्षक ते आणतातही. बहुसंख्य शिक्षक मात्र त्याला हात लावत नाहीत, आणि त्यांना भित्रे म्हणून मोकळे होणे सोपे असले तरी न्याय्य नाही. त्यांच्या भीतीला कारणे आहेत. ती पुढे येतीलच; आधी या वस्तूंची बाजू पाहू.

जुन्या पत्रकाचा सगळ्यात मोठा गुण असा, की त्याला निकाल माहीत नसतो. पाठ्यपुस्तक निकालानंतर लिहिले जाते. त्यात जिंकणारा पहिल्या ओळीपासूनच जिंकणारा दिसतो आणि हरणाऱ्याचा पराभव जणू आधीच ठरलेला असतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५२ साली उत्तर मुंबईतून लोकसभेला उभे होते. त्यांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे चिन्ह हत्ती. काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांनी त्यांना हरवले. दोन वर्षांनी भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही ते हरले. आजच्या विद्यार्थ्याला बाबासाहेब भेटतात ते पुतळ्यातून, जयंतीच्या मिरवणुकीतून आणि संविधानाच्या धड्यातून. ज्याने संविधानाचा मसुदा घडवला तो त्याच संविधानाखाली पहिल्यांदा मत मागायला लोकांसमोर उभा राहिला आणि लोकांनी दुसऱ्याला निवडले, हे त्याला ऐकीव ठाऊक असले तरी उमगलेले नसते. हत्तीचे चिन्ह छापलेला, मत मागणारा त्या काळचा कागद समोर आला, तर पुतळ्याच्या जागी एक उमेदवार दिसू लागतो. मग ओघाने प्रश्न येतो, की लोकांनी असे का केले? इतिहासाच्या तासाला यापेक्षा चांगला प्रश्न क्वचितच निघतो.

दुसरा गुण त्या वस्तूंच्या घडणीत आहे. पहिल्या निवडणुकीच्या वेळी देशात सुमारे १७ कोटी मतदार होते आणि साक्षरता जेमतेम १८ टक्के. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे पेच होता, की नाव वाचता न येणाऱ्याने मत द्यायचे कसे? म्हणून चिन्हे आली. मतपत्रिकेवर शिक्का मारायची पद्धतही तेव्हा नव्हती. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचे चिन्ह चिकटवलेले, आणि मतदाराने कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. असल्या लाखो लोखंडी पेट्या विक्रोळीत गोदरेजच्या कारखान्यात बनल्या. आता त्या काळची चिन्हे पुन्हा पाहा: बैलजोडी, झोपडी, झाड, दिवा, कणीस-विळा. शेतावर आणि घरात रोज दिसणाऱ्या या वस्तू आहेत. चिन्ह पाहून त्या वेळचा मतदार कोण असेल हे ओळखायला मुलांना सांगावे. पंधरा वर्षांची मुले हे सहज ओळखतात. इतकेच नाही, तर निवडणूक आयोगाने १९९१ पासून नव्याने प्राण्यांची चिन्हे देणे का थांबवले, तरी गोव्याच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचा सिंह आणि बसपचा हत्ती कसा टिकला, असे फाटेही फुटतात. (प्रचारात जिवंत प्राण्यांचे हाल होत, हे त्या निर्णयामागचे कारण ऐकून वर्ग हमखास हसतो आणि मग गप्प होतो.)

तिसरी गोष्ट कायद्याची, आणि शिक्षकाच्या फार उपयोगाची. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२७-क कलमानुसार निवडणुकीच्या प्रत्येक पत्रकावर आणि पोस्टरवर मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता छापणे बंधनकारक आहे. ती ओळ तळाशी, बारीक टायपात असते आणि कोणी वाचत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने ती आधी वाचायची असते. छापले कोणी, पैसे कोणी दिले, गावातल्या छापखान्यात की मुंबईत, मराठीत की हिंदीत, आणि ती ओळच नसेल तर का नाही? समाजमाध्यमांवर आलेला निनावी मजकूर डोळे झाकून पुढे ढकलणाऱ्या पिढीला हा सराव आपण दुसऱ्या कुठल्या धड्यातून देतो? नववीच्या पुस्तकात ‘इतिहासाची साधने’ हा धडा आहे. भौतिक, लिखित, मौखिक असे वर्ग पाठ होतात, परीक्षेत उतरतात आणि संपतात. साधन हातात घेऊन त्याला प्रश्न विचारण्याची संधी वर्षभरात एकदाही येत नाही.

इथवर सगळे छान वाटते. आता शिक्षकाच्या खुर्चीत बसून पाहा.

आपल्याकडे शाळेचा वर्ग हेच मतदान केंद्र असते. मतदानाच्या दिवशी केंद्रापासून शंभर मीटरच्या आत प्रचार करायला किंवा चिन्ह झळकवायला बंदी असते, आणि ती पाळली जाते की नाही हे पाहणारा मतदान अधिकारी बहुधा शिक्षकच असतो. मतदार याद्यांचे कामही त्याच्याच गळ्यात. सेवेच्या नियमांनुसार जिल्हा परिषदेच्या शिक्षकाला पक्षीय राजकारणात भाग घेता येत नाही. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीआधी, फेब्रुवारीत, निवडणूक आयोगाने पक्षांना बजावले, की पत्रके वाटणे, पोस्टर धरणे, घोषणा देणे अशा कोणत्याही प्रचारकामात मुलांना वापरू नये. या साऱ्यांत राहणाऱ्या माणसाने मुलांच्या हातात पक्षाचा बिल्ला द्यायचा, तर तो इतिहासाचा तास होता हे नंतर कोणाकोणाला पटवत बसायचे? एखाद्या मुलाने घरी जाऊन ‘आज बाईंनी अमक्या पक्षाचा बिल्ला दाखवला’ एवढेच सांगितले, तरी संध्याकाळी सरपंचाचा फोन येऊ शकतो. शहरात तो सरपंचाऐवजी पालकांच्या व्हॉट्सअॅप गटातून येईल. शिक्षकाची बदली कोणाच्या हातात असते हे ज्याला माहीत आहे, तो या सावधपणाला हसणार नाही.

याहून गंभीर हरकत वस्तूंच्याच बाबतीत आहे. काय टिकले आणि काय गेले? पैसेवाल्या पक्षाने ढिगांनी पोस्टर छापले, ते टिकले. ज्याच्याकडे छापायला पैसे नव्हते त्याचा प्रचार हवेत विरून गेला. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ आणि तिच्यामागून आलेली १९५७ ची निवडणूक घ्या. त्या काळात संयुक्त महाराष्ट्र समितीचे खरे बळ होते शाहिरांच्या डफात, अत्र्यांच्या सभांत आणि नोव्हेंबर १९५६ मध्ये निघालेल्या ‘मराठा’ दैनिकात. अमर शेख, अण्णा भाऊ साठे, गव्हाणकर यांची कवने ऐकायला चाळीच्या चाळी रस्त्यावर उतरत. त्यातले कागदावर थोडेफार आहे, पण डफाची थाप आणि समोरचा जमाव कोणत्या पेटीत ठेवणार? वस्तूंच्या भरवशावर १९५७ शिकवायला गेलो, तर ज्यांनी कमी छापले ते कमी होते असा उलटा धडा मुलांच्या मनात बसेल. स्त्रियांच्या बाबतीत तर विचारायलाच नको. पहिल्या निवडणुकीच्या याद्यांतून सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे गळली. ‘अमक्याची आई’, ‘तमक्याची बायको’ यापलीकडे स्वतःचे नाव त्यांनी नोंदवू दिले नव्हते. कुठल्याही बिल्ल्यावर ही गळती दिसत नाही. वस्तू जे सांगत नाही तेही शिकवावे लागते, आणि त्यासाठी शिक्षकाला वस्तूपलीकडचे वाचन लागते. तेवढा वेळ पस्तीस मिनिटांच्या तासिकेत, अभ्यासक्रम ‘संपवायच्या’ घाईत कुठून यायचा?

घोषणेचाही धोका आहेच. १९७१ ची ‘गरिबी हटाओ’ ही घोषणा कागदावर फार देखणी दिसते, आणि देखण्या गोष्टी मुलांना पटतात. ती घोषणा, ज्याच्या पाठोपाठ ती आली तो काँग्रेसमधला १९६९ चा फुटीचा झगडा, आणि त्यानंतर प्रत्यक्ष झालेली धोरणे या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसती घोषणा दाखवून तास संपला, तर जाहिरातदाराचे काम आपण फुकटात पुढे नेले असे होईल. जातीय किंवा धार्मिक द्वेषाने भरलेली पत्रकेही या पेट्यांतून निघतात. ती दाखवायची की नाही, यावर आमचे मत स्पष्ट आहे: शाळेत नाही. महाविद्यालयात, संदर्भासह, जरूर.

यावर बहुतेकांना सुचणारा उपाय म्हणजे काळाचे अंतर. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचे आणा, त्याच्या अलीकडचे आणू नका; जुने झाले की थंड होते. आम्हालाही हा नियम बराचसा पटतो. महाराष्ट्रात २०२२ पासून दोन पक्ष फुटले, धनुष्यबाण आणि घड्याळ कोणाचे हा वाद आयोगापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, मशाल आणि तुतारी नव्याने आली. त्या चिन्हांवरून घराघरांत भावाभावांचे बिनसले आहे. ते आज वर्गात आणणे म्हणजे घरातले भांडण बाकावर मांडणे. उलट १९७७ चे गाय-वासरू आणि जनता पक्षाने वापरलेला चक्रातला नांगरधारी शेतकरी शेजारी ठेवले, तर आणीबाणीचा धडा जिवंत होतो आणि कोणाचे रक्त उकळत नाही. गाय म्हणजे इंदिरा गांधी आणि वासरू म्हणजे त्यांचा मुलगा अशी विरोधक तेव्हा टिंगल करत, हे सांगितले की चिन्ह छापणाऱ्याचा अर्थ एक आणि पाहणाऱ्याचा दुसरा कसा होतो हेही मुलांना कळते. १९८० साली इंदिरा गांधींनी कांद्याच्या भावावरून जनता सरकारला घेरले होते. नाशिक जिल्ह्यातल्या शाळेत तो धडा घेताना वेगळ्या साधनाची गरजच नाही.

पण अंतराचा नियम सगळीकडे चालत नाही, आणि त्याचे उदाहरण दूरचे नाही. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित राहायचे? विलीनीकरणाला फूल, विरोधाला दोन पाने. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली, विरोधात १,७२,१९१. साठ वर्षे होत आली. गोव्यात विजयी बाजू १६ जानेवारी हा ‘अस्मिताय दीस’ म्हणून पाळते. ज्यांनी फुलाला मत दिले होते त्यांच्या नातवंडांना त्या दिवशी काय वाटते हे वेगळे सांगायला नको. कोकणी-मराठीचा प्रश्न तेथे आजही पेटतो. म्हणजे साठ वर्षे हे अंतर पुरेसे नाही, असे म्हणून हा विषय सोडून द्यायचा?

आम्हाला उलट वाटते. जनमत कौलाइतका चांगला धडा मराठी विद्यार्थ्याला दुसरा मिळणार नाही, कारण इथे ‘आपली’ बाजू हरलेली आहे. मराठी शाळेत वाढलेल्या मुलाला दोन्ही बाजूंचे कागद दाखवले की त्याला पहिली ठेच लागेल ती ही: विलीनीकरणाविरुद्धच्या प्रचाराची मोठी तोफ होती मडगावचे ‘राष्ट्रमत’, आणि ते दैनिक मराठीत निघत होते. महाराष्ट्रात जायला नको, हे गोव्याच्या मतदाराला मराठीतून पटवले जात होते! दुसरी ठेच अशी, की विलीनीकरण फेटाळणाऱ्या याच मतदारांनी त्याच वर्षी मार्चमध्ये विलीनीकरणवादी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षालाच पुन्हा निवडून दिले आणि दयानंद बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. फूल आणि पाने या दोन चिन्हांत हे मावत नाही. बहुजन समाज, जमीन, जात, धर्म, भाषा, गोव्याचे वेगळेपण हे सारे उलगडावे लागते. चिन्ह तिथवर न्यायचे काम करते, पुढची वाट शिक्षकानेच दाखवायची. विषय तापलेला आहे, पण दोन्ही बाजूंचे कागद समोर असल्याने शिक्षकाला कोणाचा वकील व्हावे लागत नाही.

म्हणजे प्रश्न वस्तू किती जुनी हा नाही. ती एकटी आहे की विरोधकासह आहे, हा आहे. पश्चिम जर्मनीत १९७६ साली बॉयटेल्सबाख या गावी राजकीय शिक्षणातल्या मंडळींची एक बैठक झाली आणि तिच्यातून काही तत्त्वे निघाली, ती जर्मन शाळांत आजही मानली जातात. विद्यार्थ्यावर मत लादू नये. समाजात जे वादग्रस्त आहे ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडावे. आणि विद्यार्थ्याला आपली परिस्थिती, आपले हित तपासून पाहता येईल असे तयार करावे. नाझी राजवटीने वर्ग कसे वापरले हे पाहिलेल्या समाजाने वर्गातून राजकारण हद्दपार केले नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. त्यांनी एकतर्फीपणा हद्दपार केला.

तेव्हा आमचा कौल वस्तू वर्गात आणाव्यात असा आहे, पण काही अटींवर, आणि त्यांतली पहिली अट शिक्षकासाठी नाही, संस्थेसाठी आहे. शिक्षकाने हे काम एकट्याच्या जोखमीवर करू नये. शाळेने शाळा व्यवस्थापन समितीत एक पानाचा ठराव करावा: कोणत्या इयत्तेला, कोणत्या धड्यासोबत, कोणत्या काळातले साहित्य दाखवले जाईल. तो पालकसभेत वाचून दाखवावा. असा कागद हातात असला की संध्याकाळच्या फोनला उत्तर देणारी व्यक्ती शिक्षक नसते, शाळा असते. हे ज्या शाळेला जमणार नाही तिने हा उद्योग करू नये, आणि त्यात कमीपणा मानू नये.

बाकीच्या अटी साध्या आहेत. नववीच्या खाली नको. आचारसंहिता लागू असताना नको. एका पक्षाचा कागद कधीही एकटा नको. जिथे विरोधकाचे काही मिळत नाही तिथे वृत्तपत्राचे कात्रण, गावातल्या म्हाताऱ्या माणसाची आठवण, नाहीतर निवडणूक आयोगाच्या अहवालातले मतांचे आकडे शेजारी हवेत. मुलांनी बिल्ला अंगावर लावायचा नाही. ही अट काहींना फाजील वाटेल, पण हातात धरून पाहिलेला बिल्ला हे साधन असते आणि छातीवर लावलेला बिल्ला हा प्रचार असतो, एवढी रेघ शाळेने ओढलीच पाहिजे. मूळ कागद वर्गात फिरवू नयेत. जुना वृत्तपत्री कागद आम्लाने पिवळा आणि ठिसूळ होतो, दोन वर्गांच्या हाताळणीत त्याचा भुगा होईल, झेरॉक्स दाखवावी. आणि कृपा करून लॅमिनेशन करू नये, ते पुन्हा काढता येत नाही.

एक शंका तरीही उरते आणि ती आम्ही लपवत नाही. इतक्या अटी पाळून हे करणारे शिक्षक किती निघतील? जे निघतील ते बहुधा आधीच चांगले शिकवणारे असतील, आणि जिथे इतिहास फळ्यावरचे मुद्दे उतरवून घेण्यापुरता उरला आहे तिथे बिल्ल्यानेही फरक पडणार नाही, हा आक्षेप आम्ही पूर्ण खोडू शकत नाही. आमचे म्हणणे इतकेच, की चांगल्या शिक्षकाला आज जी भीती वाटते ती कमी करणे शाळांच्या हातात आहे आणि त्याला पैसा लागत नाही.

शिवाय घाई करावी असे एक कारण आहे. आजच्या प्रचारात बिल्ला दिसेनासा झाला. मुख्य निवडणूक आयुक्त शेषन यांच्या कारकिर्दीनंतर भिंती स्वच्छ झाल्या, ते बरेच झाले. पण आता प्रचार मोबाईलवर येतो आणि दुसऱ्या दिवशी पुसला जातो. २०२४ च्या निवडणुकीचे साधन म्हणून २०५४ च्या शिक्षकाला काय मिळणार? निकाल लागल्यावर, आचारसंहिता उठल्यावर, शाळेने गावातली सगळ्या पक्षांची पत्रके, जाहीरनामे, मतदार चिठ्ठ्या गोळा कराव्यात, सोबत मुलांनी घेतलेल्या दोन-चार ज्येष्ठ मतदारांच्या मुलाखती ठेवाव्यात, आणि ती पेटी तारीख घालून ग्रंथालयात बंद करावी. उघडायची ती पंधरा वर्षांनी. खर्च एका पत्र्याच्या पेटीचा.

आणि वाचकांना एक विनंती. घर आवरताना जुना बिल्ला, टोपी किंवा पत्रक सापडले तर रद्दीत घालू नका, भंगारवाल्यालाही देऊ नका. ते पाकिटात ठेवा आणि पाकिटावर पेन्सिलने लिहा: कोणते गाव, कोणते वर्ष, कोणाचा प्रचार, आणि तुम्ही मत कोणाला दिले होते ते सांगायचे असेल तर तेही. मग जवळच्या शाळेत किंवा वाचनालयात विचारा, त्यांना ते हवे आहे का.